व्हीएस कोडमध्ये पायथन नीट जोडण्यासाठी: इंटरप्रिटर, व्हेन्व्ह आणि हमखास अडणाऱ्या जागा

व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे. तो बसवला म्हणजे पायथन आपोआप आले, असे होत नाही. कोड वाचून चालवणारा इंटरप्रिटर ही वेगळी फाइल असते. विंडोजवर तिचे नाव पायथन.एक्सई, आणि एकाच मशीनवर अशा तीन-चार फाइली सहज सापडतात: एक पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेली, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेली, एखादी ॲनाकोंडा या पायथनच्या तयार संचाबरोबर शिरलेली. गोंधळ इथेच सुरू होतो. एडिटर एक पायथन धरून बसतो, टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) दुसरे चालवते आणि पिप, म्हणजे लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) बसवणारे साधन, लायब्ररी टाकतो तिसऱ्यात. मग ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड नमपाय’ असा एरर येतो आणि माणूस नमपाय ही लायब्ररी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत राहतो. नमपाय बसलेले असतेच, फक्त भलत्या पायथनमध्ये.

म्हणून पुढची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: एडिटर, टर्मिनल आणि पिप या तिघांनी एकच पायथन.एक्सई वापरली पाहिजे.

एक सूचना. आज्ञा आणि मेन्यूंची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरे आणि आकडे दोन्ही इंग्रजीच हवेत, टिंबे आणि रेघा मात्र दिसतात तशाच. ‘पीवाय’ म्हणजे पी आणि वाय ही दोनच अक्षरे.

## आधी घरात काय आहे ते बघा

नवीन काही डाउनलोड करण्याआधी टर्मिनल उघडून हे दोन प्रश्न विचारा:

पीवाय --लिस्ट-पाथ्स
व्हेअर.एक्सई पायथन

पहिली आज्ञा बसलेल्या पायथनांची यादी पूर्ण पत्त्यांसह दाखवते. दुसरी सांगते की नुसते ‘पायथन’ टाइप केल्यावर विंडोज कोणती फाइल उचलेल. एकापेक्षा जास्त ओळी आल्या तर सगळ्यात वरची जिंकते. पॉवरशेलमध्ये (विंडोजवरच्या टर्मिनलचा नेहमीचा प्रकार) ‘व्हेअर’च्या पुढे ‘.एक्सई’ लावायला विसरू नका. तिथे नुसते ‘व्हेअर’ हे वेगळ्याच आज्ञेचे टोपणनाव आहे, त्यामुळे हाती काहीच लागत नाही आणि पायथन नाहीच असा गैरसमज होतो.

पत्त्यात ‘विंडोजॲप्स’ दिसले तर थांबा. पायथन बसवलेलेच नसेल, तर ती खरी फाइल नसून स्टोअरकडे नेणारी पाटी असते, आकार शून्य बाइट. ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते ते हिच्यामुळेच. सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, ॲप एक्झिक्युशन एलियसेस इथे जाऊन पायथन.एक्सई आणि पायथन३.एक्सई यांच्यासमोरची ‘ॲप इन्स्टॉलर’ची बटणे बंद करा.

मॅक आणि लिनक्सवर ‘व्हिच -ए पायथन३’ ही आज्ञा पुरते.

## कोणते व्हर्जन, आणि बसवताना काय टिक करायचे

पायथनचे नवे व्हर्जन दर ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येकाला साधारण ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात. म्हणून ३.९ ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. मोह अगदी ताज्या व्हर्जनचा होतो, पण पहिले काही आठवडे तो आवरलेला बरा. लायब्ररीवाल्यांनी त्या व्हर्जनसाठी तयार फाइल काढलेली नसेल, तर पिप ती लायब्ररी तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला घेतो आणि ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ म्हणून अडतो. हे वाचून काही जिबींची बिल्ड टूल्स उतरवण्यापेक्षा एक पायरी मागचे व्हर्जन घ्या, काम होते. ६४-बिटच घ्या. ३२-बिट पायथनवर डेटाच्या कामातल्या कितीतरी लायब्ऱ्यांच्या तयार फाइली मिळत नाहीत. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढचे काही चालणार नाही.

नेहमीचा इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘ॲड पायथन.एक्सई टू पाथ’ असा चौकोन असतो. पाथ म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांमध्ये प्रोग्रॅम शोधते त्यांची यादी. चौकोन आधी टिक केलेला नसतो, तो टिक करा आणि मगच ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबा. पायथन साधारण इथे बसते:

सी:\युजर्स\तुमचेनाव\ॲपडेटा\लोकल\प्रोग्रॅम्स\पायथन\पायथन३१३

ही जागा तुमच्या एकट्याच्या खात्यातली आहे, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड नसला तरी सहसा अडत नाही. शेवटच्या पडद्यावर ‘डिसेबल पाथ लेंग्थ लिमिट’ दिसले तर दाबून टाका. विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा खोल फोल्डरांमध्ये आडवी येते.

टिक राहून गेली तर अनइन्स्टॉल करू नका. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’, मग ‘नेक्स्ट’, आणि ‘ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’. त्यानंतर व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने उघडा. चालू असलेला प्रोग्रॅम ही पाथची यादी सुरुवातीलाच एकदा वाचून घेतो. नंतर केलेला बदल त्याच्या गावीही नसतो.

पायथनच्या संकेतस्थळावर आता ‘पायथन इन्स्टॉल मॅनेजर’ही मिळतो. तो घेतला तर ‘पीवाय इन्स्टॉल ३.१३’ एवढ्या आज्ञेत हवे ते व्हर्जन बसते.

उबुंटूवर पायथन असतेच, पण व्हेन्व्ह (प्रोजेक्टच्या लायब्ऱ्यांचा वेगळा कप्पा, पुढे सविस्तर येईल) बनवण्याचा भाग वेगळा घ्यावा लागतो: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह’. सिस्टिमचे पायथन काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नका, उबुंटूची स्वतःची कामे त्यावर चालतात. मॅकवर ॲपलने पायथन २.७ हे मॅकओएस १२.३ मध्ये काढून टाकले. आता तिथे जे पायथन३ दिसते ते एक्सकोडच्या कमांड लाइन टूल्सबरोबर येते. स्वतःच्या कामासाठी अधिकृत इन्स्टॉलर किंवा होमब्रूचे (मॅकवर प्रोग्रॅम बसवण्याचे साधन) पायथन वेगळे बसवा.

## एक्स्टेंशन, आणि फाइल नव्हे तर फोल्डर

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+शिफ्ट+एक्स दाबून ‘पायथन’ शोधा. सारख्या नावाची बरीच एक्स्टेंशने, म्हणजे एडिटरला जोडायचे पूरक भाग, दिसतील. प्रकाशक मायक्रोसॉफ्ट आणि नावाशेजारी निळी खूण असलेलेच घ्या. सूचना आणि चुका दाखवणारे पायलान्स आणि डीबगर त्याच्याबरोबर येतात, ते निराळे शोधायला नकोत.

आता फाइल, ओपन फोल्डर. डेस्कटॉपवरच्या सुट्या .पीवाय फाइलवर डबलक्लिक करून काम सुरू करण्याची सवय फार जणांना असते, आणि बरेच प्रश्न तिथूनच उगवतात. व्हीएस कोड इंटरप्रिटरची निवड फोल्डरशी बांधून लक्षात ठेवतो. फोल्डर नसेल तर त्यातले व्हेन्व्हही त्याला सापडत नाही. फोल्डर उघडताना ‘या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का’ असे विचारले जाते. तिथे नाही म्हटले की रिस्ट्रिक्टेड मोड लागू होतो आणि पायथन एक्स्टेंशन जवळपास गप्प बसते.

फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हमध्येच गेलेले असतात, तेव्हा पत्ता एकदा वाचून घ्या. व्हेन्व्हमध्ये हजारो छोट्या फाइली असतात. त्या सिंक होत बसतात आणि पिपच्या मध्येच फाइल लॉक होते. ‘सी:\कोड\सराव’ यासारखा आखूड, मोकळ्या जागा नसलेला पत्ता उत्तम.

## व्हेन्व्ह

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःच्या लायब्ऱ्यांचा वेगळा कप्पा, म्हणजे व्हेन्व्ह. शिकाऊ माणसाला हे जास्तीचे काम वाटते. पण एका प्रोजेक्टला पांडाज या लायब्ररीचे व्हर्जन जुने हवे आणि दुसऱ्याला नवे, अशी वेळ आली की व्हेन्व्ह नसलेल्या मशीनवर दोन्हींपैकी एक मोडतेच. डेबियन १२ आणि अलीकडच्या उबुंटूवर तर निवडीचा प्रश्नच नाही. तिथे सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलात तर ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार येतो. नेटवर त्यावर ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, त्या पर्यायाचे नावच पुरेसे बोलके आहे.

कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून ‘पायथन: क्रिएट एन्व्हायर्नमेंट’ निवडा, मग ‘व्हेन्व्ह’, मग यादीतून पायथनचे व्हर्जन. हाताने करायचे असेल तर फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून:

पीवाय -३.१३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह

मॅक-लिनक्सवर ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’. शेवटचा शब्द हे फोल्डरचे नाव आहे, सुरुवातीच्या टिंबासकट. हेच नाव ठेवा, एडिटर ते लगेच ओळखतो.

आत डोकावून बघण्यासारखे आहे. विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’मध्ये पायथन.एक्सई आणि पिप.एक्सई, ‘लिब’मध्ये लायब्ऱ्या आणि बाहेर पायव्हेन्व्ह.सीएफजी ही छोटी टेक्स्ट फाइल. ती उघडा. ‘होम’ या ओळीत मूळ पायथनचा पत्ता लिहिलेला दिसेल. म्हणजे व्हेन्व्ह हे पायथनची प्रत नव्हे. त्यातली पायथन.एक्सई मूळ पायथनलाच हाक मारते. मूळ पायथन अनइन्स्टॉल केले की व्हेन्व्ह जागच्या जागी मरते आणि ‘नो पायथन ॲट’ अशी ओळ येते, पुढे तोच हरवलेला पत्ता. व्हेन्व्ह पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेले किंवा वरच्या फोल्डरचे नाव बदलले, तरी असेच काहीतरी मोडते, कारण पिप.एक्सईसारख्या फाइलींमध्ये पूर्ण पत्ता कोरलेला असतो. दुरुस्त करत बसू नका. टर्मिनल बंद करा, .व्हेन्व्ह फोल्डर उडवा, नवे बनवा. तुमचा कोड त्यात नसतोच, तेव्हा जात काही नाही.

## निवड, आणि टर्मिनलची हट्टी सवय

कुठलीही .पीवाय फाइल उघडी ठेवा. उजवीकडे खाली, स्टेटस बारवर पायथनचे व्हर्जन दिसते. पायथनची फाइल उघडी नसेल तर ते दिसतही नाही, म्हणून गोंधळू नका. त्यावर क्लिक करा, किंवा कंट्रोल+शिफ्ट+पी आणि ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’. यादीत ‘.व्हेन्व्ह’ लिहिलेली ओळ निवडा. व्हर्जन क्रमांकावर भिस्त ठेवू नका, ३.१३ नावाच्या दोन ओळी असू शकतात. पत्ता वाचा. हवा तो पर्याय यादीत नसेल तर ‘एंटर इंटरप्रिटर पाथ’ घेऊन .व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\पायथन.एक्सई पर्यंत जा. मॅक-लिनक्सवर ‘स्क्रिप्ट्स’च्या जागी ‘बिन’.

निवड बदलली म्हणून आधीपासून उघडे असलेले टर्मिनल बदलेलच असे धरून चालू नका. कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर क्लिक करून ते बंद करा आणि नवे उघडा. नव्या टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला हिरवट अक्षरांत कंसात व्हेन्व्हचे नाव दिसले तर ठीक. ते दिसत नसेल तर पुढच्या पडताळणीवरूनच निकाल लावा.

पॉवरशेल इथे एक खोडा घालते. ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम’ अशी लाल ओळ येते. यात पायथनचा दोष नाही. घरगुती विंडोजवर पॉवरशेलच्या स्क्रिप्ट चालवायला मुळातच बंदी असते. उपाय एकच ओळ:

सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड

यानंतर तुमच्या मशीनवरच्या स्क्रिप्ट चालतात, नेटवरून आलेल्यांना मात्र डिजिटल सही लागते. ऑफिसच्या मशीनवर ही आज्ञाही अडवलेली असू शकते. तेव्हा टर्मिनलच्या अधिक चिन्हाशेजारचा बाण दाबा, ‘सिलेक्ट डीफॉल्ट प्रोफाइल’मध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ करा. त्याला ही बंदी लागू नाही.

## पडताळणी

तपासणी.पीवाय नावाची फाइल करून त्यात हे लिहा:

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)
प्रिंट(सिस.प्रिफिक्स != सिस.बेस_प्रिफिक्स)

वर उजवीकडच्या त्रिकोणी बटणाने चालवा. पहिल्या ओळीत .व्हेन्व्हमधला पत्ता आणि दुसरीत ‘ट्रू’ आले पाहिजे. मग त्याच टर्मिनलमध्ये:

पायथन -एम पिप --व्हर्जन

उत्तराच्या शेवटाकडे फोल्डरचा पत्ता येतो, तोही .व्हेन्व्हमधलाच हवा. दोन्ही जुळले की तिघांचे एकमत झाले. यापुढे लायब्ररी टाकताना नुसते ‘पिप इन्स्टॉल’ लिहिण्यापेक्षा ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल नमपाय’ असे लिहा. नुसता पिप पाथमध्ये जो आधी भेटेल तो असतो. ‘पायथन -एम पिप’ म्हटल्यावर ज्या पायथनने आज्ञा घेतली त्याच्याच कप्प्यात लायब्ररी जाते.

## सगळे बरोबर असूनही चालत नाही तेव्हा

पहिला संशय कोड रनर या एक्स्टेंशनवर घ्या. अनेक व्हिडिओंमध्ये ते बसवायला सांगतात. ते तुम्ही निवडलेला इंटरप्रिटर न विचारता ‘पायथन -यू’ ही आज्ञा पाथवरून चालवते, म्हणजे व्हेन्व्हला वळसा. शिवाय त्याचे उत्तर ‘आउटपुट’ पॅनेलमध्ये येते आणि तिथे काही टाइप करता येत नाही. ‘इनपुट’ असलेला प्रोग्रॅम नुसता लटकतो आणि ‘कॅनॉट एडिट इन रीड-ओन्ली एडिटर’ असे दिसते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘रन इन टर्मिनल’ केल्यास दुसरा प्रश्न सुटतो, पहिला नाही. सरळ काढून टाका. त्रिकोणाच्या बटणाशेजारच्या बाणातून ‘रन पायथन फाइल’ निवडले की काम भागते.

टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला >>> दिसत असेल तर तुम्ही पायथनच्या आत आहात. तिथे ‘पिप इन्स्टॉल’ लिहिले किंवा त्रिकोण दाबला की सिंटॅक्स एरर येतो, कारण टर्मिनलसाठीची आज्ञा पायथनच्या तोंडात पडते. ‘एक्झिट()’ लिहून बाहेर या.

फाइलीचे नाव रँडम.पीवाय, टर्टल.पीवाय किंवा नमपाय.पीवाय असे ठेवले की ‘इम्पोर्ट’ करताना पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी शेजारची तुमचीच फाइल उचलते. ३.१३ पासून एररमध्ये याची सूचना येते. जुन्या व्हर्जनवर ‘ॲट्रिब्यूटएरर’ एवढेच दिसते आणि माणूस डोके धरून बसतो. फाइलीचे नाव बदला.

फाइल त्याच फोल्डरात असूनही ‘फाइलनॉटफाउंडएरर’ येत असेल तर टर्मिनल कुठे उभे आहे ते बघा. त्रिकोण दाबल्यावर प्रोग्रॅम सहसा तुम्ही उघडलेल्या वरच्या फोल्डरातून चालतो, .पीवाय फाइलीच्या फोल्डरातून नव्हे. सेटिंग्जमध्ये ‘एक्झिक्यूट इन फाइल डिर’ शोधून टिक करा.

मराठीत काम करणाऱ्यांना लागणारी एक गाठ वेगळीच. पडद्यावर ‘प्रिंट’ केलेले देवनागरी बहुधा नीट दिसते, पण तेच फाइलीत लिहायला गेले की ‘यूनिकोडएन्कोडएरर: चारमॅप’. विंडोजवर ‘ओपन’ जुने १२५२ हे कोडपेज (अक्षरांचा ठरावीक संच) धरते आणि त्यात देवनागरी नाही. ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग="यूटीएफ-८" हे दरवेळी लिहा. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर "यूटीएफ-८-सिग", नाहीतर एक्सेल नावांचा चिवडा करते. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट असेल, तोवर विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये पायथनयूटीएफ८ = १ ठेवता येते. गंमत अशी की व्हेरिएबलचे नाव ‘एकूण’ ठेवले तर पायथनची हरकत नसते, ‘इंट’ला अवतरणात "१२" दिले तर त्याचा बारा हा आकडाही करून देते, पण कोडमध्ये थेट देवनागरी १२ लिहिले की ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून उचललेल्या कोडमधल्या वळणदार अवतरणचिन्हांवरही हाच एरर येतो. ती पुसून कीबोर्डवरची सरळ चिन्हे टाका.

नोटबुक वापरत असाल तर लक्षात घ्या, .आयपीवायएनबी फाइल खालचा इंटरप्रिटर बघत नाही. तिची निवड वर उजवीकडे ‘सिलेक्ट कर्नल’मध्ये वेगळी करावी लागते. तिथे तेच .व्हेन्व्ह निवडा. आयपीवायकर्नल टाकू का असे विचारले तर हो म्हणा.

## दुसऱ्याला प्रोजेक्ट देताना

व्हेन्व्ह पाठवायचे नसते, यादी पाठवायची:

पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

समोरचा स्वतःचे व्हेन्व्ह बनवून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ चालवतो. गिट वापरत असाल तर .गिटइग्नोरमध्ये .व्हेन्व्ह/ ही ओळ टाका. ३.१३ पासून व्हेन्व्ह आपल्या पोटातच अशी फाइल ठेवते, पण टीममध्ये एकाकडेही जुने व्हर्जन असेल तर ओळ हवीच.

.व्हीएसकोड फोल्डरातल्या सेटिंग्ज.जेसनमध्ये ‘पायथन.डीफॉल्टइंटरप्रिटरपाथ’ लिहून ठेवता येतो, पण तो फक्त पहिल्या उघडण्यापुरता. एकदा यादीतून हाताने निवड केली की ती वरचढ ठरते आणि जेसनमधला बदल लागू होत नाही. तेव्हा ‘पायथन: क्लिअर वर्कस्पेस इंटरप्रिटर सेटिंग’ चालवा. टीममध्ये काही जण विंडोजवर आणि काही मॅकवर असतील तर ही ओळ त्या फाइलीत ठेवूच नका. एकाचे ‘स्क्रिप्ट्स’ दुसऱ्याकडे ‘बिन’ असते. .व्हेन्व्ह नाव सगळ्यांनी सारखे ठेवले की एडिटर ते ज्याच्या त्याच्या मशीनवर स्वतः शोधतो.